सोडून राहिलो ना!

...नाही, तुम्हीच सांगा मले, चाळिशी उलटलेला माणूस, बुटीबोरीच्या कापड कंपनीत अख्खं माग-शेड ज्याच्या नजरेखाली चालते असा माणूस, प्रताप नगरच्या चौकात उभा राहून एक अर्धा चहा पेते, अन् त्याचे पैसे द्याले बायकोले फोन लावते... हे शोभते काय? सांगा ना, शोभते काय! चहावाला म्हणते, "भाऊ, पैसे आले नाही अजून." मी म्हणतो, "येऊन राहिले ना गा, थांब जरा!" तिकडं फोनवर ऋतुजा... ऋतुजा म्हणजे माही बायको... ते चौकशी लावते. "एकच चहा ना? संग कोण आहे? वैभव तं नाही?" अवं, चहा आहे तो, लग्नाची बोलणी नाही! मंग म्हणते, "देऊन राहिली ना, हातातल्या साडीचा फॉल संपू द्या." अन् फॉल संपला का मंग तिच्या फोनवरून पैसे येतात, अन् चहावाल्याचा तो बोलणारा डबा चौकभर बोंबलते, 'प्राप्त झाले!' झालं! रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत साऱ्यायले समजते का चंदन धकातेचा चहा त्याच्या बायकोनं भरला.

चिडू नाही तं काय करू? चिडतोच मी. रोज चिडतो. अन् चिडून झालं का तुमच्यासमोर जोडतो तसे हात जोडतो अन् म्हणतो, भलं होवो त्या फोनवाल्या पोट्टीचं!

कोणती पोट्टी? सांगून राहिलो ना... थांबा, तुमच्यात कोणी पुण्याकडचं आहे काय? असन तं पहिले एक गोष्ट समजून घ्या, नाही तं पुढचं सारं डोक्यावरून जाईन. आमच्या नागपुरात 'मी जेवून राहिलो' म्हणजे जेवण चालू आहे, घास तोंडात आहे. तुमच्याकडं 'जेवून राहिला' म्हणजे पाहुणा जेवला अन् मुक्कामालेही राहिला! बस, एवढाच फरक आहे. पण या एवढ्याशा फरकानं माह्या घराचं काय झालं, ते ऐका.

तं झालं असं... बुटीबोरीले कंपनीची बस जाते. बसमध्ये माह्या बाजूले वैभव बसते, आमच्याच शेडमधला फिटर. माणूस सोन्यासारखा, फक्त तोंड बंद राहत नाही. एक दिवस फोन माह्या नाकासमोर धरून म्हणते, "चंदनभाऊ, हे पाहा. टीम बनवाची, पैसे लावाचे, मॅच पाहाची. जुगार नाही गा हे, स्किल आहे, स्किल!" मी म्हटलं, हे तं आपल्यासाठीच बनवलं! लहानपणापासून टीव्हीसमोर बसून निवड समितीले शिव्या दिल्या, आता आपणच निवड समिती! लावले. अन् काय सांगू तुम्हाले... जिंकलो! पहिल्याच झटक्यात जिंकलो! अख्ख्या बसले तर्री-पोहे चारले मी, ड्रायव्हरलेही. सारे म्हणे, चंदनभाऊचं डोकं म्हणजे डोकं आहे!

तोच घात झाला. हरलो असतो ना पहिल्या दिवशी, तं त्याच दिवशी सुटलो असतो. जिंकलेला माणूस काही सुटत नाही बाप्पा!

मंग काय, चालू झालं. बसमध्ये मॅच, जेवणाच्या सुट्टीत मॅच, साळ्याच्या लग्नात पंगतीत बसलो तं मांडीवर फोन, वाढणारा विचारते, "वरण?" मी म्हणतो, "विकेट कीपर!" अन् आपल्या लोकायची मॅच नसली तं? तं काय, दुनियेत कुठं ना कुठं कोणीतरी बॉल फेकतच असते! कोणत्यातरी बेटावरची मॅच, दोन्ही टीममधला एक माणूस ओळखीचा नाही, नावं वाचताना जिभेले गाठ पडते, अन् मी त्यायच्यातून कॅप्टन निवडून राहिलो! स्किल म्हणे! कशाचं स्किल अन् कशाचं काय! तेही नसलं तं रमी. फोन टेबलावर पालथा ठेवाची सवय लागली. आंघोळीले जाताना फोन संग. ऋतुजा म्हणे, "पाण्याच्या आवाजापेक्षा टाळ्यायचाच आवाज जास्त येऊन राहिला बाथरूममधून."

अन् ऋतुजा विचारे बरं! साधं विचारे. "बंद केलं काय ते?" मी म्हणो, "सोडून राहिलो ना!" पोळ्या लाटता लाटता विचारे, "सुटलं काय?" "सोडून राहिलो ना वं!" उमरेडवरून सासरे यायचे, नत्थूजी, जिंदगीभर हातमागावर बसलेला माणूस, कमी बोलणारा, तेही विचारत, "जावईबापू, ते फोनचं काय झालं?" "सोडून राहिलो ना, मामाजी!" अन् खोटं नव्हतं बरं ते! सोडणं चालूच होतं! आमच्या भाषेची ही मोठी सोय आहे पाहा. 'सोडलं' म्हटलं तं सोडा लागते, 'सोडीन' म्हटलं तं तारीख सांगा लागते, अन् 'सोडून राहिलो' म्हटलं का मरेपर्यंत सोडत राहा, कोणी तुम्हाले खोटारडं म्हणू शकत नाही!

आमच्या शेडमधला माग तुम्ही पाहिला नसन. त्याचा एक धागा तुटला ना, एकच, केसासारखा, तं अख्खा माग आपोआप थांबते. लाल लाइट लागते, जोवर धागा जोडत नाही तोवर हलत नाही. अन् त्या मागापाशी उभा राहून मी दिवसभर धाग्यावर धागा तोडून राहिलो होतो, पण माही लाइट काही लागे ना.

लागली ती एकदाच. एक दिवस ऋतुजानं विचारणंच बंद केलं. भांडली नाही, रडली नाही, काहीच नाही. जेवण वाढलं, पाणी ठेवलं, अन् आपली मशीनवर जाऊन बसली. तुम्हाले सांगतो, बायको भांडते ना, तोवर घरात सारं ठीक आहे असं समजा. ते गप्प बसली. त्याच झटक्यात मी ॲप उघडलं अन् आपली आपणच मर्यादा लावली. असते ते, सोय असते! महिन्याले एवढ्याच्यावर लावता येणार नाही, असं आपणच ठरवू शकतो. पण ठेवतात कुठं? पैसे टाकाचं बटण हे एवढं, थाळीएवढं, लुकलुकते. अन् मर्यादेचं? सहा दरवाजे उघडून मागच्या अंगणात, मुंगीच्या अक्षरात! चष्मा लावून शोधलं. लावलं कुलूप. अन् कमी कराची असली तं लगेच होते म्हणे, वाढवाची असली तं मात्र पुण्याच्या कस्टमर केअरले फोन कराचा, असा नियम. म्हटलं, वा! आपल्याच घराले कुलूप अन् किल्ली पुण्याले! अन् खरं सांगतो, ते कुलूप होतं तोवर बरे दिवस होते. मॅच पाहून हसत होतो मी, विकेट पडली तं नुसती विकेटच पडे.

आता इथून नीट ऐका.

ऋतुजाचं एकच स्वप्न. साड्यायले फॉल-पिको कराचं स्वतःचं दुकान. घरात खिडकीजवळ मशीन, बाजूले साड्यायचा ढीग, पोळपाटावर दोऱ्याचे रीळ... वर्षानुवर्षं तसंच चालू होतं. अन् प्रताप नगरात, आमच्याच मोहल्ल्यातल्या भैय्याजींचा एक गाळा रिकामा झाला. छोटासा, पण रस्त्यावर. तिनं साडी-साडीतून जमा केलेले पैसे त्याच्या डिपॉझिटसाठी ठेवले होते. कुठं ठेवले होते माहीत आहे? माह्या खात्यात! मले म्हणे, "माह्यापाशी राहिले तं खर्च होतात. तुमच्या खात्यात राहू द्या." बोला! अख्ख्या नागपुरात तिजोरी म्हणून तिले मी सापडलो! माह्यावर विश्वास टाकला हो तिनं, माह्यावर... एवढं सारं पाहून, एवढं गप्प राहून... जाऊ द्या.

सोमवारी भैय्याजींले पैसे द्याचे. अन् रविवारी दुपारी मॅच.

ऋतुजा टेप घेऊन गाळ्याचं माप घ्याले गेली. इकडं वैभवचा फोन. "चंदनभाऊ, आज पक्की टीम आहे. आतली खबर आहे. आजवर जेवढे गेले तेवढे एका दुपारी रिकव्हर!" रिकव्हर! काय शब्द आहे पाहा! गेलेल्या पैशाले दवाखान्यातून घरी आणाचं आहे असं वाटते! मी म्हटलं, मर्यादा लावून ठेवली आहे गा. तो म्हणते, "वाढवून घे ना! एक फोनच तं कराचा आहे." अन् माह्या डोक्यात हिशेब सुरू... हे लावाचे, ते जिंकाचे, तिचे तिथंच परत ठेवाचे, तिले समजणारही नाही... अहो, ज्या दिवशी तुमचं डोकं म्हणते ना, 'घरच्यायले समजणारही नाही', त्या दिवशी फोन विहिरीत टाका अन् आपणही दूर उभे राहा!

मी काय केलं? फोन लावला. पुण्याले. 'मराठीसाठी दोन दाबा.' दाबलं. बासरी वाजली, पुन्हा वाजली... इकडं टॉसची वेळ होऊन राहिली, तिकडं बासरी! मंग एक आवाज आला. काय आवाज, काय मराठी! एकेक शब्द धुतलेला, इस्त्री केलेला. "नमस्कार सर, मी आपली काय मदत करू शकते?"

मी म्हटलं, "मॅडम, ते मर्यादेचं पाहा ना जरा, वाढवून द्या लवकर."

"सर, मर्यादा वाढवण्याआधी काही प्रश्न विचारणं बंधनकारक आहे. खेळावर आपलं नियंत्रण आहे असं आपल्याला वाटतं का?"

आता मले घाई! म्हटलं, चांगलं बोलावं, म्हणजे मॅडम खूश होईन. मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "नियंत्रण काय मॅडम, मी तं सोडून राहिलो!"

मंग म्हणते, "सोडून... राहिलात, सर?"

"हो ना! घरी विचारा. वर्ष झालं, सोडूनच राहिलो!"

"म्हणजे आपण खेळ सोडला आहे, आणि तसंच राहायचं आहे. असं समजू का, सर?"

इकडं टीव्हीवर नाणं वर उडालं! मी म्हटलं, "हो हो, समजा ना, काहीही समजा!"

"मग मी आपलं खातं कायमचं बंद करण्याची विनंती नोंदवते. आपली संमती आहे का?"

अन् मी... मी ऐकत होतो काय? मी टॉस पाहून राहिलो होतो! जिंदगीत कोणत्या अटी वाचल्या आपण? 'मान्य आहे' दाबाचं अन् पुढं जाचं! मी म्हटलं, "हो मॅडम, हो, करून टाका, लवकर करा!"

"धन्यवाद सर. आपण फार चांगला निर्णय घेतला."

फोन बंद. मी खुशीत ॲप उघडलं. उघडे ना! पुन्हा उघडलं. उघडेच ना! अन् टुंग करून मेसेज: 'खेळ थांबवण्याच्या आपल्या निर्णयाबद्दल अभिनंदन. आपले खाते कायमचे बंद करण्यात आले आहे.'

काय शिव्या दिल्या मी पुण्याले! म्हटलं, भाषा समजत नाही तं फोन काहून उचलता? आम्ही 'राहिलो' म्हटलं तं तुम्ही राहायलेच पाठवता काय! पुन्हा फोन लावला तं बासरी. नुसती बासरी! अन् तेवढ्यात ऋतुजा दारात. गळ्यात टेप, हातात आखणीचा चुन्यानं भरलेला दोरा. माहा चेहरा पाहिला, फोन उचलला, मेसेज वाचला. पुन्हा वाचला. अन् खाली बसली अन् रडाले लागली. मी म्हटलं, संपलं! पण ते रडता रडता हसून राहिली हो! म्हणते, "माह्याशी बोलले नाही, सांगितलं नाही... अन् मनातल्या मनात करून मोकळे झाले!"

आता बोला, मी काय सांगू? सांगू काय का पुण्याच्या पोट्टीले व्याकरण समजलं नाही? गप्प बसलो. त्या संध्याकाळी घरात सावजी मटण झालं. असा तिखट रस्सा, का डोळ्यातून पाणी. मले वाटलं, बरं झालं, पाण्याचं कारण कोणी विचारणार नाही. अन् ती पक्की टीम? ती मटण वाढेपर्यंत गारद झाली होती. ऋतुजाचे पैसे माह्या खात्यात जसेच्या तसे बसून होते. ते पाहिलं, अन् पहिल्यांदा तोंडून निघालं... भलं होवो त्या फोनवाल्या पोट्टीचं!

सोमवारी भैय्याजींले पैसे दिले. गाळा आमचा झाला. अन् मी मोहल्ल्याचा संत झालो! भैय्याजी ज्याच्या-त्याच्या पोट्ट्याले धरून आणे, "चंदनभाऊ, याले जरा समजावा, तुम्ही मनाचे पक्के!" मी? मनाचा पक्का? मी गंभीर तोंड करून सांगो, "मर्यादा लाव बेटा. उधार घेऊन खेळू नको. हरलेलं परत आणाले जाऊ नको. घरच्यायपासून लपवू नको." सारं खरं सांगो, फक्त माहं खरं सोडून!

अन् मंग दुकानाचं उद्घाटन. झेंडूच्या माळा, पेढे, शेजारणी, उमरेडवरून सासरे आले, हातात नारळ. माहा फोन मोठ्या स्पीकरले जोडलेला, त्यावर सनई चालू. ऋतुजानं फित कापाले कात्री उचलली... अन् सनई थांबली. अख्ख्या रस्त्याले ऐकू जाईन अशा आवाजात धुतलेली, इस्त्री केलेली मराठी, "नमस्कार सर!"

फोन आपोआप उचलल्या गेला होता! मी तार ओढाले धावलो तं माळेत पाय अडकला.

"सर, नियमानुसार ही खातरजमा आहे. आपण मर्यादा वाढवण्यासाठी फोन केला होता, आणि त्यानंतर खातं बंद करण्यास संमती दिली. खातं पुन्हा सुरू करायचं असल्यास आज आपल्याला शेवटची संधी आहे. सुरू करायचं का?"

मर्यादा वाढवण्यासाठी! भर रस्त्यात! भैय्याजींच्या हातातला पेढा तोंडापर्यंत पोचेना. सासरे नारळ धरून उभे. अन् ऋतुजा... कात्री तशीच उघडी, माह्याकडं पाहून राहिली. तेच गप्प, त्या दिवशीचं.

अन् तुम्हाले खोटं काहून सांगू? तेवढ्या साऱ्या लोकायत, त्या झेंडूच्या फुलायत, एक क्षण जीभ 'हो' म्हणाले वळलीच होती. त्याची भीती आजही वाटते मले. मी तोंड उघडलं, "मॅडम, मी तं सोडून..." अन् ते 'राहिलो' काही निघेना. ऋतुजाकडं पाहून ते निघेचना!

"सर, वाक्य पूर्ण कराल का, प्लीज?"

"सोडलं," मी म्हटलं. "सोडलं मॅडम. बंदच ठेवा."

ऋतुजानं कात्री खाली ठेवली अन् फोनजवळ गेली. "मॅडम, एक सांगा. यांनी वाढवाले फोन केला, अन् तुम्ही बंद करून टाकलं? यांचं बोलणं समजलं नाही काय तुम्हाले?"

तिकडून झटकन् उत्तर आलं, "काहून नाही समजणार?"

काहून! पुण्यातले लोक 'का' म्हणतात, 'काहून' तं आमचं! साऱ्यायचे कान उभे राहिले. मी म्हटलं, "मॅडम... तुम्ही कुठच्या?"

मंग हळूच, इस्त्री गेलेल्या आवाजात, "उमरेडची, काका. माहे बाबाही सोडूनच राहिले होते. शेवटपर्यंत." अन् आणखी हळू, "कॉल रेकॉर्ड होऊन राहिला, काका."

तं आमचे सासरे, जिंदगीभर कमी बोललेला माणूस, स्पीकरच्या तोंडाशी जाऊन ओरडले, "कोणाची वं तू पोरी? कोणत्या मोहल्ल्यातली?"

"आपला दिवस शुभ जावो, सर!" अन् खट्. सनई पुन्हा सुरू.

ऋतुजानं डोळे पुसले, फित कापली. मंग माह्यासमोर हात पसरला. मी बँकेचा पिन तिच्या कानात सांगितला अन् तिनं तिथंच बदलून टाकला. म्हणे, "लग्नापासून आज पहिल्यांदा वाक्य पुरं केलं तुम्ही." म्हणून हे चहाचं असं आहे. चिडतो, पण चहा गोड लागते, काय करू!

अन् तिथंच, पेढे वाटता वाटता, कंपनीचा मेसेज आला. 'आमच्या प्रतिनिधीची सेवा कशी वाटली? पाचपैकी तारे द्या.' माहे डोळे भरून आले बाप्पा! म्हटलं, पाच? या पोट्टीले आभाळातले सारे काढून देतो! तिची बढती झाली पाहिजे, पगार वाढला पाहिजे! पाचवा तारा दाबला... तं खाली काय लिहून आलं? 'अभिप्राय पाठवण्यासाठी कृपया आपल्या खात्यात लॉगिन करा.'

आता घ्या! कशानं करू लॉगिन, तिनंच तं बंद केलं ना!